घरच्या व्हॉइस लॅबसाठी ४० हजार कुठे घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ईपीएबीएक्स (ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज) बसवण्या-दुरुस्तीच्या कामात तुम्ही आहात, आता सिस्कोची सीसीएनपी कोलॅबोरेशन (आयपीवरच्या फोन यंत्रणेची परीक्षा) करायची आहे, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी एका खोलीत लॅब उभी करायची आहे आणि हाताशी ४० हजार रुपये आहेत. पुण्यातल्या एका सेकंडहँड विक्रेत्यानं एक लॉट देऊ केलाय. तीन २८११ राऊटर, एक ३५६० चोवीस पोर्टचा पीओई (नेटवर्कच्या तारेतूनच फोनला वीज देणारा) स्विच आणि चार ७९६० फोन. घ्यावा का?

आहे तसा घेऊ नका. राऊटर घ्या, पण आत काय बसवलंय ते बघून. फोन अजिबात घेऊ नका. स्विचचं पुढे सांगतो. आणि मुख्य म्हणजे तुमच्या पैशातला सगळ्यात मोठा वाटा या लॉटमध्ये नाहीच, तो कम्प्युटरच्या रॅममध्ये जायला हवा. व्हॉइस लॅब करणारे बहुतेक जण आधी खोकी जमवतात आणि सीयूसीएम (सगळे फोन आणि कॉल सांभाळणारं सिस्कोचं सॉफ्टवेअर) चालवायला मशीन नाही म्हणून अडकतात. उलटा क्रम लावा.

परीक्षेचा मोठा भाग कॉल कंट्रोलचा, म्हणजे कुठला कॉल कुठं आणि कसा जाईल ते ठरवण्याचा आहे: पार्टिशन, सीएसएस, राऊट पॅटर्न, रीजन, डिव्हाइस पूल. हे सगळं सीयूसीएममध्ये चालतं, आणि सीयूसीएम हे आता फक्त व्हर्च्युअल मशीन आहे. लहानात लहान आकारातसुद्धा त्याला ८० जीबीची डिस्क लागते. रॅम आवृत्तीनुसार ४ ते ८ जीबी धरा. क्लस्टर म्हणजे काय हे हाताला कळायचं असेल तर पब्लिशर (मुख्य) आणि सबस्क्रायबर (जोडीचं) अशी दोन मशीन हवीत. व्हॉइसमेलसाठी युनिटी कनेक्शन, प्रेझेन्ससाठी (कोण उपलब्ध आहे ते दाखवायला) आयएम अँड पी, शिवाय डीएनएस आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीसाठी एक विंडोज सर्व्हर. बेरीज करा. ३२ जीबीत कसंबसं भागतं, ६४ जीबीत सुखानं. म्हणून मिनी पीसी बघू नका. रॅमचे चार स्लॉट असलेला जुना वर्कस्टेशन टॉवर बघा, कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले असे टॉवर बाजारात भरपूर येतात. आज ३२ जीबी टाका, पुढच्या पगाराला दुप्पट करा. हार्डडिस्कवर हे सगळं चालवायचा प्रयत्न करू नका. सीयूसीएमचं इन्स्टॉलेशन हार्डडिस्कवर संपता संपत नाही. एक टीबीची एसएसडी घ्या.

व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे, तेवढ्यावर घरची लॅब आरामात चालते. ईएसएक्सआयची (विंडोजऐवजी थेट कम्प्युटरवर बसणारं व्हीएमवेअर) फुकट आवृत्ती २०२४ च्या फेब्रुवारीत बंद झाली होती, २०२५ च्या एप्रिलमध्ये परत आली. मशीन फक्त लॅबसाठीच असेल तर ईएसएक्सआय चांगलं, पण घरातली मुलं त्याच कम्प्युटरवर अभ्यास करणार असतील तर वर्कस्टेशनच बरं.

सॉफ्टवेअर सरळ मार्गानं मिळवा. तुमची कंपनी किंवा तुमचा एखादा ग्राहक सिस्कोकडून घेत असेल तर त्यांच्या कराराखाली डाऊनलोड होतं. १२ आणि पुढच्या आवृत्त्या परवान्याशिवाय ९० दिवस मूल्यमापन म्हणून पूर्ण चालतात, तेवढे दिवस एका पेपरच्या तयारीला पुरतात. कुठल्यातरी ग्रुपवर मिळालेली इमेज टाकू नका. आत काय घुसवलंय ते कळायला मार्ग नसतो आणि ते मशीन तुमच्या घरच्या नेटवर्कवर बसणार असतं. सिस्कोचं डीक्लाउड (ऑनलाइन लॅब) तुम्हाला उघडत असेल तर विकत घेण्याआधी तिथं एकदा पूर्ण क्लस्टर बघून घ्या.

इन्स्टॉल करताना एक गोष्ट हमखास अडवते, म्हणून आत्ताच सांगतो. सीयूसीएम एनटीपी (नेटवर्कवरून अचूक वेळ) मागतं. विंडोजची वेळ त्याला चालत नाही, आणि एनटीपी मिळालं नाही तर इन्स्टॉलेशन तिथंच थांबतं. राऊटर आधी उभा करा, त्याच्यावर एनटीपी मास्टर लावा, मग सीयूसीएम टाका. डीएनएसमध्ये नाव आणि उलट नोंद दोन्ही आधी भरा. होस्टनेम नंतर बदलणं म्हणजे डोक्याला ताप.

आता राऊटर. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात.

२८११ हा राऊटर म्हणून चांगला आहे. कार्डांसाठी चार एचडब्ल्यूआयसी स्लॉट, एक नेटवर्क मॉड्यूलचा स्लॉट, दोन फास्ट इथरनेट पोर्ट. पण व्हॉइससाठी किंमत त्या खोक्याला नाही, आतल्या मदरबोर्डवर बसणाऱ्या पीव्हीडीएमला आहे. आवाजाचं रूपांतर करणाऱ्या डीएसपी चिप त्याच्यावर असतात. विक्रेते बऱ्याचदा पीव्हीडीएम काढून वेगळे विकतात आणि रिकामा राऊटर ‘व्हॉइस राऊटर’ म्हणून पुढे करतात. झाकण उघडलेला फोटो मागा, किंवा राऊटर चालू करून ‘शो इन्व्हेंटरी’चं उत्तर मागा. त्यात पीव्हीडीएम२ असं स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि त्याच्यापुढचा आकडासुद्धा.

त्या आकड्याचा हिशेब असा. पीव्हीडीएम२-१६ वर एकच डीएसपी असते. ती जी.७११ चे (आवाज फारसा न दाबता पाठवण्याची पद्धत) १६ आवाज हाताळते. जी.७२९ए (आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) असेल तर ८, आणि पूर्ण जी.७२९ असेल तर ६. ३२ वर दोन डीएसपी, ४८ वर तीन, ६४ वर चार. आता गंमत पुढे आहे. या पिढीत एक डीएसपी एका वेळी एकाच जातीचं काम करते. पीआरआय (एका जोडणीवर अनेक कॉल नेणारी डिजिटल लाईन) किंवा अ‍ॅनालॉग पोर्टचा आवाज हाताळायला लावली की ती कॉन्फरन्सला मिळत नाही. कॉन्फरन्सला दिली की ट्रान्सकोडिंगला (एका पद्धतीचा आवाज दुसरीत बदलायला) मिळत नाही. म्हणजे पोर्ट, कॉन्फरन्स आणि ट्रान्सकोडिंग अशी तिन्ही कामं एका राऊटरवर शिकायची तर किमान तीन डीएसपी हव्यात. २८११ मध्ये पीव्हीडीएमचे दोन स्लॉट आहेत, तेव्हा एक ३२ आणि एक १६, किंवा एकटा ४८. ‘डीएसपी आहे ना, झालं’ म्हणून १६ वाला घेतलात की पीआरआय चालू होते, पण कॉन्फरन्स ब्रिज काही केल्या रजिस्टर होत नाही, आणि माणूस आठवडाभर कॉन्फिगरेशनमध्ये चूक शोधत बसतो.

हार्डवेअर कॉन्फरन्स हवीच कशाला, सीयूसीएममध्ये सॉफ्टवेअर ब्रिज फुकट आहे की, असं वाटेल. तो ब्रिज जी.७२९ समजत नाही. शाखेकडून जी.७२९ वर आलेला माणूस त्यात घ्यायचा तर मध्ये ट्रान्सकोडर लागतो, नाहीतर डीएसपीवरचा मिक्स्ड-मोड ब्रिज. एका डीएसपीवर जी.७११ च्या आठ कॉन्फरन्स बसतात, जी.७२९ मिसळला की दोनच. रीजन, मीडिया रिसोर्स ग्रुप, ग्रुप लिस्ट या सगळ्या गोष्टी कशासाठी आहेत हे या एका प्रयोगातून जेवढं पक्कं होतं तेवढं पुस्तक चारदा वाचून होत नाही. हेडर धरून जी.७११ चा कॉल ८० किलोबिट खातो आणि जी.७२९ चा २४. दोन साइट्समध्ये मुद्दाम अरुंद लिंक ठेवा आणि हा फरक स्वतःच्या कानानं ऐका.

तीन राऊटरपैकी किती घ्यायचे? दोन. पहिला हेडऑफिसचा गेटवे: पीव्हीडीएम २-३२ आणि २-१६, एक व्हीविक२ ई१ कार्ड (पीआरआयसाठी), एक एफएक्सएस कार्ड (साधा फोन लावायला). दुसरा पीएसटीएन, म्हणजे बाहेरच्या टेलिफोन कंपनीच्या जागी: एक २-१६, एक ई१ कार्ड, एक एफएक्सओ कार्ड (बाहेरची साधी लाईन घ्यायला). दुसऱ्यात डीएसपी लागत नाही असं काही जण छातीठोकपणे सांगतात. लागते. ई१ वर पीआरआय ग्रुप बनवताना राऊटर डीएसपी मोजतो, कमी पडल्या तर ग्रुपच बनू देत नाही. १६ आवाजांच्या पीव्हीडीएमवर पूर्ण तीस चॅनेलची पीआरआय बसत नाही, म्हणून ग्रुप बनवताना टाइमस्लॉट एक ते चार आणि सोळा एवढेच द्या. सोळावा स्लॉट डी चॅनेलचा (कॉलच्या सूचना नेणारा), तो नेहमी राहतोच. चार चॅनेल लॅबला पुष्कळ झाले, आणि दोन्ही टोकांना तेच स्लॉट ठेवलेत की झालं.

दोन ई१ कार्डं एकमेकांना जोडायला साधी पॅच कॉर्ड चालत नाही. आरजे-४५ च्या एका टोकाच्या १ आणि २ नंबरच्या तारा दुसऱ्या टोकाला ४ आणि ५ वर, आणि ४-५ तिकडून १-२ वर. तुम्ही क्रोन आणि एमडीएफवर काम करणारे, तुम्हाला क्रिम्पिंग शिकवायची गरज नाही, केबल घरीच बनवा. मग दोन्हीकडे कार्ड टाइप ई१, स्विच टाइप प्रायमरी-नेट५, आणि पीएसटीएनच्या बाजूला आयएसडीएन प्रोटोकॉल एम्युलेट नेटवर्क. क्लॉक पीएसटीएनच्या बाजूला इंटर्नल ठेवा, गेटवेला लाईनवरून घेऊ द्या, आणि गेटवेवर नेटवर्क-क्लॉक-पार्टिसिपेट लावायला विसरू नका. ते राहिलं तर कॉल लागतो पण आवाजात टिकटिक येते, स्लिप वाढत जातात. ‘शो आयएसडीएन स्टेटस’मध्ये मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड दिसलं की खालचे थर उभे राहिले. तिथून पुढे क्यू९३१ चा डीबग लावून एक कॉल पूर्ण वाचा: सेटअप, कॉल प्रोसीडिंग, अलर्टिंग, कनेक्ट. रोज साइटवर पीआरआयचा दिवा हिरवा आहे का एवढंच बघत असाल तर हे वाचायला लागल्यावर तुमचं रोजचं कामही बदलेल.

परदेशी व्हिडिओंमध्ये सगळीकडे टी१ दिसेल. गोंधळू नका. व्हीविक२ मल्टिफ्लेक्स कार्ड दोन्ही करतं. शिका ई१ वर, कारण गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल कुठंही गेलात तरी तुम्हाला ई१ च भेटणार आहे. टी१ ला २३ अधिक एक, ई१ ला ३० अधिक एक, एवढा फरक डोक्यात ठेवा.

अ‍ॅनालॉग कार्डांवर पैसे घालवू नका असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो, सगळं एसआयपी (आयपी नेटवर्कवरून कॉल लावायची पद्धत) झालंय म्हणून. मला तो पटत नाही, निदान आपल्या भागासाठी. साखर कारखान्याचं गेट, वजनकाटा, लिफ्ट, हॉस्पिटलचा वॉर्ड, फौंड्रीतली शेडमधली घंटा: लांबलांब तांब्याच्या जोड्यांवर साधे फोन अजून चालू आहेत आणि मालक ते एका दिवसात बदलणार नाही. आयपीवर नेताना ही जोडणी ज्याला जमते त्यालाच काम मिळतं. दोन पोर्टचं एफएक्सएस आणि दोन पोर्टचं एफएक्सओ कार्ड सेकंडहँड बाजारात सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी आहेत. पीएसटीएन राऊटरच्या एफएक्सओमधून साधी आरजे-११ तार काढून गेटवेच्या एफएक्सएसला लावा, दुसऱ्या एफएक्सएस पोर्टला घरात पडून असलेला जुना बीटेलचा फोन लावा. टोन देतो तो एफएक्सएस, टोन घेतो तो एफएक्सओ. सीपीटोन ‘आयएन’ करा, म्हणजे ओळखीचा टोन ऐकू येईल. मग कॉल संपल्यावर एफएक्सओ पोर्ट अडकून का बसतो, समोरच्यानं फोन ठेवल्याचं राऊटरला कळतं कसं, सुपरवायझरी डिस्कनेक्ट म्हणजे काय, हे प्रश्न समोर येतील. ईपीएबीएक्समध्ये हीच तक्रार तुम्ही अनेकदा सोडवली असणार.

२८०० मालिकेचा सपोर्ट २०१६ मध्ये संपला. तिच्यावर आयओएस (सिस्को राऊटरचं सॉफ्टवेअर) १५.१(४)एम च्या पुढे जाता येत नाही, सीएमई (राऊटरमधलंच छोटं कॉल कंट्रोल) ८.६ वर थांबतं. सध्याचा अभ्यासक्रम आयओएस एक्सईचा आहे. तरी डायल पीअर, ट्रान्सलेशन रूल, व्हॉइस क्लास, एसआरएसटी (सीयूसीएमशी संपर्क तुटला की फोन सांभाळणारी राऊटरची सोय) यांचा गाभा तोच आहे, त्यामुळे शिकायला २८११ कमी पडत नाही. बजेटमध्ये एखादा २९०१ बसला तर मात्र हेडऑफिसला तो ठेवा आणि २८११ एकच घ्या, पीएसटीएनसाठी. २९०१ गिगाबिट आहे, नवी आयओएस घेतो आणि खोलीत जरा कमी आवाज करतो. त्यात पीव्हीडीएम३ लागतो. जुना पीव्हीडीएम२ बसवायचा तर वेगळं अडॅप्टर कार्ड लागतं, ते धरूनच भाव करा. आणि २९०१ ला यूसी परवाना हवा. मॉडेल नंबरमध्ये ‘व्ही/के९’ असेल तर तो बंडलमधूनच आलेला असतो. नसेल तर ६० दिवसांचा मूल्यमापन परवाना चालू करता येतो, पण भाव ठरवताना बंडलवाल्याला थोडे जास्त द्यायला हरकत नाही. ४३२१ चं नाव घेऊन कुणी भुलवलं तर आत्ता नको म्हणा. राऊटर परवडेल, पण त्याचं एनआयएम कार्ड आणि पीव्हीडीएम४ परवडणार नाही.

तिसऱ्या साइटसाठी राऊटर घेऊ नका. हेडऑफिसच्याच राऊटरवर वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं नेटवर्क) काढा, त्यातल्या फोनांना वेगळा डिव्हाइस पूल आणि वेगळा रीजन द्या. एसआरएसटी बघायचं असेल तेव्हा त्या व्हीलॅनवरून सीयूसीएमकडे जाणारी वाट अ‍ॅक्सेस लिस्टनं बंद करा. फोनच्या स्क्रीनवर फॉलबॅकचा संदेश येतो, राऊटरवर रजिस्टर होतो, वाट उघडली की परत जातो. क्यूबसाठी (बाहेरच्या एसआयपी कॉलसाठी सीमेवरचं दार) कम्प्युटरवर सीएसआर १००० व्ही चढवा. त्यात डीएसपी नाही, त्यामुळे ट्रान्सकोडिंग होणार नाही, पण एसआयपी ट्रंक, हेडर बदलणं, डायल पीअर ग्रुप हे सगळं होतं. समोर आयटीएसपी (इंटरनेटवरून फोनसेवा देणारी कंपनी) म्हणून फुकटचं अ‍ॅस्टेरिस्क ठेवा. एक लक्षात असू द्या: १५.१(२)टी पासून पुढच्या आयओएसमध्ये अनोळखी आयपीवरून आलेला कॉल राऊटर स्वतःच नाकारतो. ट्रस्टेड लिस्टमध्ये सीयूसीएमचा आणि अ‍ॅस्टेरिस्कचा पत्ता घाला.

७९६० फोन का नको? ते ८०२.३एएफ या पीओईच्या मानकावर चालत नाहीत, त्यांना सिस्कोची जुनी, मानकाच्या आधीची पीओई लागते. लॉटमधला ३५६० दोन्ही देतो म्हणून तिथं चालतील, पण उद्या दुसरा स्विच आणलात की फोन काळे. जी.७२२ (जास्त स्पष्ट आवाज) नाही, एलएलडीपी-मेड (स्विचकडून व्हीलॅन कळण्याची मानक सोय) नाही. त्याच पैशात ७९४२ किंवा ७९६२ मिळतात. मानक पीओई, एससीसीपी (सिस्कोची स्वतःची पद्धत) आणि एसआयपी दोन्ही फर्मवेअर, जी.७२२, आणि सीयूसीएम १२.५ त्यांना ओळखतं. तीन फोन पुरे: दोन सीयूसीएमवर आणि एक पीएसटीएन राऊटरच्या सीएमईवर, बाहेरचा माणूस म्हणून. बाकी एक्स्टेंशन जॅबरवर (सिस्कोचा सॉफ्टफोन) लॅपटॉप-मोबाईलमध्ये काढा. ८८४१ परवडला तर एखादा घ्या, पण पाठीमागच्या लेबलवर ‘३पीसीसी’ लिहिलेलं असेल तर सोडा. तो वेगळ्या फर्मवेअरचा असतो, सीयूसीएमवर रजिस्टर होत नाही. दिसायला दोन्ही सारखेच असतात आणि विकणाऱ्यालाही बऱ्याचदा फरक ठाऊक नसतो.

सेकंडहँड फोन आल्यावर पहिल्या संध्याकाळी तो रजिस्टर होणार नाही, हे धरून चला. आधीच्या कंपनीच्या क्लस्टरची विश्वासयादी, म्हणजे आयटीएल फाईल, त्याच्यात बसलेली असते. तुमच्या सीयूसीएमनं सही केलेलं कॉन्फिगरेशन तो मानत नाही. फोनची केबल काढून ठेवा, # दाबून धरा, केबल लावा, लाईनच्या बटणांचे दिवे ओळीनं पिवळे लुकलुकायला लागले की बोट उचला आणि १२३४५६७८९*०# टाइप करा. फोन पूर्ण कोरा होतो. नुसती आयटीएल पुसायची असेल तर सेटिंग्जमधल्या सिक्युरिटीत ट्रस्ट लिस्ट उघडा, **# नं कुलूप काढा आणि इरेज करा. एवढं करूनही फोन नुसताच फिरत राहिला तर डीएचसीपीमध्ये ऑप्शन १५० (फोननं कॉन्फिगरेशन कुठून घ्यायचं तो पत्ता) दिलाय का ते बघा.

स्विचकडे येऊ. ३५६० चोवीस पोर्टवाला काम सगळं करतो, ३७० वॉट पीओई आहे, म्हणजे प्रत्येक पोर्टला पूर्ण १५.४ वॉट. पण त्याचे पंखे. दिवसा वर्कशॉपमध्ये चालेल, रात्री ज्या खोलीत घरातली माणसं झोपतात तिथं नाही. त्याऐवजी ३५६०-८पीसी शोधा. आठ पोर्ट, १२४ वॉट, पंखाच नाही. तीन फोन, दोन राऊटर आणि कम्प्युटर लावूनही जागा उरते. मिळालाच नाही तर चोवीस पोर्टवाला घ्या आणि अभ्यासापुरता चालवा.

राजारामपुरीतल्या किंवा लक्ष्मीपुरीतल्या दुकानात सीसीटीव्हीचे पीओई स्विच फार स्वस्त मिळतात, तो मोह होणार. त्यातले जे खरे ८०२.३एएफ आहेत त्यांवर ७९४२ चालू होतो. जे पॅसिव्ह आहेत त्यांना हातही लावू नका, ते समोर काय जोडलंय ते न विचारता तारेवर व्होल्टेज सोडतात. पण खरा एएफ असला तरी अनमॅनेज्ड स्विचवर व्हॉइस व्हीलॅन कसा शिकणार? फोनला व्हीलॅन सांगतो तो स्विच, सीडीपीनं किंवा एलएलडीपी-मेडनं. क्यूओएसचा (आवाजाला आधी वाट देण्याचा) विश्वास कुठं ठेवायचा हा विषयही तिथंच सुरू होतो. स्विच मॅनेज्ड आणि सिस्कोचाच हवा.

बीएसएनएलची घरची लाईन एफएक्सओला लावून बघू का, असंही तुम्ही विचारलंय. लावू नका. एक कारण कायद्याचं आहे. इंटरनेटवरून आलेला कॉल पीएसटीएनवर उतरवण्याबाबत आपल्याकडे नियम कडक राहिले आहेत. सीयूसीएममध्ये ७.१ पासून लॉजिकल पार्टिशनिंग नावाची (आयपी आणि पीएसटीएनचे कॉल वेगळे ठेवणारी) सोय आली ती भारतासारख्या देशांतल्या नियमांसाठीच. २०२० आणि २०२१ मध्ये कॉल सेंटर वर्गाच्या कंपन्यांसाठी बंधनं बरीच सैल झाली, पण घरच्या लॅबनं त्यात पडायची गरज नाही. लॉजिकल पार्टिशनिंग मात्र लॅबमध्ये जरूर लावून बघा, जिओलोकेशन बनवून. दुसरं कारण वळवाचं. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग आले की बाहेरच्या तांब्याच्या तारेवरून जे घरात येतं ते थेट एफएक्सओ कार्डावर आणि तिथून मदरबोर्डवर जातं. खोट्या पीएसटीएनवर सगळं शिकता येतं.

लाईट जाण्याचा विचारही आधी करा. राऊटर, स्विच धडकन बंद झाले तरी परत उठतात. सीयूसीएम तसं नाही. मध्येच वीज गेली तर डेटाबेस किंवा फाईल सिस्टम बिघडते आणि रिकव्हरी डिस्क लावत बसावं लागतं. किमान कम्प्युटरला यूपीएस हवा, दहा मिनिटं टिकला तरी चालेल. तेवढ्यात प्रत्येक मशीनवर युटिल्स सिस्टम शटडाऊन द्या. बिलाची फार काळजी नको, १०० वॉटचं यंत्र रोज दहा तास चाललं तर एक युनिट. रॅक विकत आणू नका. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेटरकडून अँगलचा १९ इंची सांगाडा करून घ्या, मागून हवा खेळती ठेवा. राऊटरचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टचा आहे, अमेरिकेतून आलेला असला तरी फक्त कॉर्ड बदलायची.

पैशाची वाटणी माझ्या हिशेबानं अशी: निम्मे टॉवर, रॅम आणि एसएसडीला. पावभर दोन राऊटर आणि त्यांच्या कार्डांना. उरलेल्यात स्विच, तीन फोन, एफटीडीआय चिपची कन्सोल केबल आणि यूपीएस. परीक्षेची फी वेगळी बाजूला काढून ठेवा, पायाभूत पेपरचीच ४०० डॉलर आहे. लॅबच्या नादात ती खर्च झाली तर वर्ष पुढे जातं.

विक्रेत्याला आज फोन करणार असाल तर एवढं विचारा. चालू राऊटरवरची ‘शो व्हर्जन’, ‘शो इन्व्हेंटरी’ आणि ‘शो फ्लॅश’ या तिन्हीचे स्क्रीनशॉट पाठवा म्हणावं, फोटो जुने नकोत, घड्याळ दिसू द्या. व्हर्जनमध्ये रॅम ५१२ एमबी तरी असावी. फ्लॅशमधल्या इमेजच्या नावात अ‍ॅडव्हएंटरप्राइज किंवा आयपीव्हॉइस असावं. आयपीबेस असेल तर त्यात व्हॉइसच्या कमांडच नाहीत, आणि ती बदलायला कराराशिवाय सरळ मार्ग नाही, म्हणून त्या राऊटरचा भाव पाडा किंवा सोडून द्या. इन्व्हेंटरीतले कार्डांचे सिरियल नंबर लेबलशी जुळतात का ते माल हातात आल्यावर बघा. ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं मागवणार असाल तर कार्डं स्लॉटमधून काढून वेगळी, अँटिस्टॅटिक पिशवीत पाठवायला सांगा. स्लॉटमध्ये राहिली तर गाडीच्या धक्क्यांनी सैल होतात. शिवाय चालू नसलेला भाग आठ दिवसांत बदलून देईन, असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. जो विक्रेता स्क्रीनशॉट पाठवायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नका.